तारापूरच्या यादीतलं आठवं नाव

तुम्ही गॅसवर दूध ठेवून फोन बघत बसणारी माणसं, म्हणून आधीच सांगते: तारापूरला जायचं तर बोईसरला उतरा, पालघर आलं की उठू नका. मला अक्षर येत नाही, नात लिहून घेते आहे. पण साठ वर्षांपूर्वीची ती वाट मला पाठ आहे.

सफाळ्याकडचं मिठागर खाडीने गिळलं आणि आमचे हे दोन वर्षं घरी बसले. तेवढ्यात तारापूरला वीज करायच्या कारखान्याचं बांधकाम निघालं. आमच्या ग्रामपंचायतीने ठरवलं, जो जास्त दिवस रिकामा त्याचं नाव वर. ग्रामसेवक भाऊंनी घरोघर फिरून यादी केली. सरपंचाचा मेव्हणा तळाला गेला, म्हणजे बघा! आमचं नाव आठवं.

कोंबडी विकून तिकिटं काढली. केळवे रोड, मग पालघर. तिथे यादीवर पंचायत समितीचा शिक्का हवा होता आणि साहेब जेवायला गेलेले. एक गाडी चुकली. दुसरीने उमरोळी, बोईसर. तुम्हाला आता रिक्षा मिळेल. आम्ही रेतीच्या ट्रकवर बसून गेलो. ह्यांनी लग्नातला सदरा घातला होता, तो सगळा धुळीने माखला.

पत्र्याच्या शेडपुढे रांगेत बसवलं. बरोबर आलेले भाऊ कागद घेऊन आत गेले. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, "तीन बार बुलाऊंगा. नहीं आया तो अगला."

पाचवं नाव झालं तेव्हा हे म्हणाले, "घसा सुकलाय. घोटभर पाणी पिऊन येतो, तू बस गो."

टाकी लांब होती. सहावा उठला, सातवा आलाच नव्हता. मग आमचं नाव. मी उभी राहिले, टाकीकडे पदर हलवला. नुसतं "अहो" म्हटलं तर एवढ्या माणसांत कोण वळणार? हाक मारायची तर नाव घ्यावं लागणार, आणि आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही.

"कौन है तेरा? नाम बोल!"

"ते... पाण्याला गेलेत."

रांगेतला एक हसला, "उखाण्यात घ्या की, वैनी!"

तिसऱ्यांदा पुकारलं. पेन्सिल फिरली. नववा उठला.

हे ओल्या हातांनी आले. "आपलं झालं काय गो?"

"झालं," म्हटलं मी.

भाऊ बाहेर येऊन किती भांडले! "दोन वर्सं रिकामा हाय तो!" मुकादम म्हणाला, पुढच्या यादीला बघू.

पुढची यादी पावसाळ्यानंतर आली. तोवर हे वीटभट्टीवर जाऊन खोकला घेऊन आले होते. या खेपेला वेळेवर उभे राहिले, पण छातीची घरघर ऐकून मुकादमाने परत पाठवलं. नंतर फार दिवस नाही काढले त्यांनी.

त्या पहिल्या दिवशी परतीच्या गाडीत हे सदऱ्यावरची धूळ झटकत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हे गेल्यावर मी ते नाव मोठ्याने घेऊ लागले. आता कोण अडवणार?

तुमच्या घरचं कुणी कामाच्या रांगेला निघालं तर भाकरी बांधू नका. तांदळाची पातळ पेज करा, मीठ घाला, बाटलीत भरून द्या. तहानही भागते, भूकही, आणि जागेवरून उठावं लागत नाही.