कोठीतला पुकारा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवलीय. उज्जैनात वाढलेला माणूस, क्षिप्रेकाठी चिता बघून थोडाच घाबरणार? पण ही एक गोष्ट... वाचून हसायचं तर खुशाल हसा.

मध्य भारत राज्य जाऊन नुकतंच मध्य प्रदेश झालं होतं. बाबा कोठीतल्या, म्हणजे जुन्या महालातल्या कोर्टात पेशकार, जज्जांपुढे कागद ठेवणारे, अगदी संस्थानाच्या काळापासून. आता त्यांची बदली भोपाळला झाली होती. मी मोतीझिऱ्यातून, म्हणजे टायफॉइडमधून कसाबसा उठलेला, नुसता सापळा. एका रविवारी दुपारी बाबा म्हणाले, "चल, तुला कोठी नीट दाखवतो. परत कोण येतंय इथे!"

आई दारातून ओरडली, "रिकामी जागा आहे ती... भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्या हाकेशिवाय कुणाला ओ देऊ नका हं!"

"अगं, आमच्याकडे तीन पुकारे झाले आणि माणूस नाही आला, तर घरी वॉरंट येतं!" बाबा हसत म्हणाले.

चौकीदार फाटक उघडून तिथेच बिडी ओढत बसला. आत आम्ही दोघंच. कमानींचा लांबच लांब व्हरांडा, अर्धचंद्रासारखा वळलेला... या टोकाहून ते टोक दिसतच नाही. "तिकडे बोललेलं इकडे साफ ऐकू येतं. काय कारीगर होते बघ!" बाबा भिंतीवरून हात फिरवत म्हणाले.

तेवढ्यात वळणापलीकडून पुकारा आला. थेट कोर्टातला, लांबवलेला —

"दिनकर वल्द गोविंदराव... हाजिर होऽऽऽ!"

माझं नाव, बापाच्या नावासकट! वाटलं, कुणी चपराशी मजाक करतोय. मी तोंड उघडलं, तर बाबांनी त्यावर हात दाबला.

दुसरा पुकारा अगदी जवळून आला. बाबांनी मला मागे ढकललं, टोपी सारखी केली आणि मोठ्यानं म्हणाले, "हाजिर है!"

तिसरा आलाच नाही. मी वळणापलीकडे धावत गेलो. कोणी नाही, सगळ्या खोल्यांना कुलपं. चौकीदार फाटकाशीच होता, त्यानं काही ऐकलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांना ताप भरला. फ्रीगंजचे डॉक्टर म्हणाले, मोतीझिरा. भोपाळला ते गेलेच नाहीत, त्या तापातून उठलेच नाहीत.

शेवटी शेवटी मी विचारलं, "बाबा, नाव तर माझं होतं ना?"

"पुकारा झाला की कुणीतरी हाजिर व्हावंच लागतं, बेटा. नाहीतर वॉरंट घरी येतं."

डॉक्टरांचं म्हणणं, आजार घरातच होता, माझाच लागला. असेलही. पण मग तो पुकारा कुणाचा होता? आज म्हातारा झालो, तरी बाबांवरचा राग अजून जात नाही. अहो, नाव माझं होतं... मला एकदा विचारायचं तरी!