मामांचं डॉक्टरणीला गाऱ्हाणं

मोबाईलवर डॉक्टरशी बोलताना वहाणा काढून उभा राहणारा माणूस पाहायचा असेल, तर मिठबावला या आणि माझ्या बायकोच्या मामांना भेटा. इतका सरळ आणि इतका वेळखाऊ माणूस देवाने दुसरा घडवला नाही. देवळात नारळ धरून अख्ख्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यामुळे मोठ्या कुणापुढे काही मागायचं ते गाऱ्हाण्यातच, असा त्यांचा पक्का समज. पूर्वी रक्तदाब दाखवायला एसटीने देवगड गाठण्यात त्यांचा दिवस मोडायचा. आता डॉक्टरीण पडद्यावर घरीच येते म्हटल्यावर मामा हरखलेच! मोबाईल पंच्याने पुसायचा, पाटावर उभा करायचा, शेजारीपाजारी गोळा करायचे आणि खड्या आवाजात सुरू: "बा डॉक्टर महाराजा! खय कोणाचो गुडघो धरलो आसात, खय कोणाची साखर वाढली आसात, तर तेका बरो कर रे महाराजा!" मागून सगळे, "व्हय महाराजा!" पहिल्या वेळी पडद्यावरची ती डॉक्टरीण पोरगी गांगरून म्हणाली, "काका, पेशंट किती आहेत?"

"पेशंट मी एकटोच," मामा म्हणाले. "बाकीचे व्हय म्हणूक आयलेत."

मी कपाळावर हात मारला. "अहो मामा, तुमचं काय दुखतंय तेवढंच सांगा ना!" तर मलाच समजावतात, "जावयबापू, आपल्या एकट्यापुरता मागणा बरा दिसत नाय."

गेल्या श्रावणात मात्र वेगळंच झालं. मामींचे पाय सुजले होते. विहिरीवरून येताना दोनदा बसावं लागायचं. विचारलं की, "काय एक नाय माका." मामांनी फोन लावला, गाऱ्हाणं सुरू झालं आणि वाडीतल्या गुडघ्यांपर्यंत पोचलं. तेवढ्यात डॉक्टरीण म्हणाली, "काका, थांबा. मागे भिंतीला टेकून बसल्यात, त्यांना दम लागतोय का?"

मामा वळले. मामी तोंडाने श्वास घेत होत्या. सगळे 'व्हय' म्हणायच्या तयारीत, पण मामांनी गाऱ्हाणं तिथेच सोडलं. मग मी कधी न ऐकलेल्या आवाजात ते म्हणाले, "हिका बरी कर गो बाय. माका दुसरा काय नको."

कुणीच 'व्हय' म्हटलं नाही. डॉक्टरणीने तिथूनच इस्पितळात कळवलं, आम्ही रिक्षा काढली. हृदय थकलं होतं, पण वेळेवर पोचलो. आठवड्याने मामी घरी आल्या आणि आल्या आल्या तुळशीला पाणी घालायला निघाल्या. मामांनी कळशी काढून घेतली.

आता रोज सकाळी मामा स्वतः रक्तदाबाच्या मशीनचा पट्टा मामींच्या दंडाला बांधतात आणि आकड्यांचा फोटो डॉक्टरणीला पाठवतात. मशीन घुरघुरत असताना मामींचा दुसरा हात आपल्या हातात धरून बसतात. चारचौघांत बायकोशी धड न बोलणारा हा माणूस! परवा मी समोरच होतो. मामी लाजून म्हणाल्या, "झाला मां? सोडा आता हात."

फोटो केव्हाच गेला होता. मामा मोबाईलकडे बघत म्हणाले, "थांब गो. अजून रेंज येवक नाय."