धाकूचे तेल आणि आपली आंघोळ

दिनांक १४ ऑगस्ट १९३२, नागाव. आज आमच्या आळीने धाकू न्हाव्याला दारी येण्यास मनाई केली. त्याविरुद्ध माझी ही तक्रार.

तीस वर्षे धाकूने या गावाची डोकी सांभाळली. तो शिकेकाईने डोके धुतो तेव्हा नख कधी लागत नाही. डोक्यातील खवड्यांसाठी करंजाचे तेल तो स्वतः कढवितो. गेल्या महिन्यात ते त्याने आमच्या आळीतील शिवदासपंतांच्या डोक्याला चार वेळा चोळले. चारही वेळा, न्हाव्याचा हात लागला म्हणून, पंत तडक विहिरीवर गेले आणि तेल साफ निघेपर्यंत न्हाले. खवडे राहिले.

“धाक्या, तुझे हे तेल आहे की पाणी?” पंत आज सर्वांदेखत गरजले.

“पंत, रातभर मुरू द्या म्हनलं, तर तुमी लगेच विहीर गाठता. मी काय करू?”

“म्हणजे विटाळ घेऊन घरात निजू?”

आळी हसली, आणि धाकूची तीस वर्षांची गिऱ्हाइकांची घरे गेली. याच तेलाने कोळीवाड्यातील खवडे आठ दिवसांत बरे झालेले मी पाहिले आहेत. तिथे कोणी ते लगेच धुऊन टाकीत नाही.

वाचकहो, धाकूला परत बोलवा, आणि त्याने तेल लावल्यावर सकाळपर्यंत डोक्यावर पाणी घेऊ नका.