काकांचा स्वल्पविराम

काकांइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही, आणि इतक्या वेळा ‘परवा इल्ला’ म्हणणाराही दुसरा पाहिला नाही. कानडीत त्याचा अर्थ ‘काही हरकत नाही’. दूध उतू गेलं, परवा इल्ला. कुत्रं अंगावर आलं, परवा इल्ला. तोवर काका स्वतः फाटकाच्या आत. म्हैसूरच्या आमच्या गल्लीत त्यांचं नावच ‘परवा इल्ला काका’ पडलं होतं. भीती जितकी मोठी तितका तो शब्द घाईने येई, हे मला फार लवकर कळलं होतं.

ते आमच्या शेजारी राहत आणि कॉलेजात गणित शिकवत. संशोधनाला विषय निवडला तोही धडकी भरवणारा. सांध्याला मार लागला की आतल्या कूर्चेचं, म्हणजे दोन हाडांमधल्या गुळगुळीत गादीचं, पुढे काय होतं याची ते समीकरणं मांडत. “नोडु, बघ,” ते म्हणत, “हाड मोडलं तर माणूस बोंबलतो, अल्वा? कूर्चेला नसच नाही. ती सुम्मे, गुपचूप मरते. तुला कळत पण नाही.” हे सांगताना त्यांचा हात नकळत स्वतःच्या गुडघ्यावर जाई. जिना तर ते कठडा दोन्ही हातांनी धरून उतरत.

मी खो-खो खेळायची, म्हणून मला त्यांनी माझ्याच भाषेत समजावलं. “मार लागला तिथली पेशी मरते ना, ती मरताना शेजारणीला खो देते. ती आजारी पडते, पुढचीला खो देते. असं सरकत जातं. अंग अडवायला बघतं. कोण जिंकतं, तेच माझं गणित.”

“मग जिंकतं कोण?” मी हसत विचारलं.

“पहिल्या एकदोन दिवसांतच सूज आवरली तर माझ्या गणितात तरी खो थांबतो. उशीर झाला तर...” ते अडखळले. “परवा इल्ला, परवा इल्ला,” म्हणत त्यांनी खडू ठेवून दिला. त्यानंतर माझ्या सामन्यांना ते न चुकता यायचे, पण मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे.

राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती, तेव्हा सरावात वळताना माझा उजवा गुडघा खांबावर आदळला. चालता येत होतं, म्हणून बाबा हळदीचा लेप लावून मंडी मोहल्ल्यातल्या आपल्या शिंप्याच्या दुकानात निघून गेले. काका कामासाठी बंगळूरला होते. आई साताऱ्याची, या परक्या गावात तिला धीर यायचा तो काकांच्या शब्दानेच. तिने त्यांना फोन लावला. लाइन खरखरत होती.

“भावजी, पोरीचा गुडघा सुजलाय. डॉक्टरांना परवा दाखवलं तर चालेल का?”

“परवा इल्ला!” काका ओरडले, आणि फोन तुटला.

आई हसली. “काही हरकत नाही म्हणतायत.”

त्या धीरावर परवाचा दिवसही टळून गेला. काका परतले तेव्हा आठवडा होत आला होता आणि मी लेपच लावून बसले होते. दारातच त्यांनी विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?”

“अजून दाखवलंच नाही,” आई म्हणाली. “तुम्हीच म्हणालात ना, परवा इल्ला.”

काका पांढरेफटक पडले. “वहिनी, मी म्हटलं, परवा? इल्ला! परवा नाही, आत्ता न्या म्हटलं!” जन्मभर भीती लपवायला वापरलेला शब्द त्यांनी एकदाच भीती सांगायला वापरला होता. आई तशीच अनवाणी रिक्षा आणायला धावली.

कूर्चेला तडा गेला होता. लवकर आलो असतो तर फरक पडला असता का, या प्रश्नावर डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते ‘सांगता येत नाही’ काकांना सोसवेना. ते पुन्हा पुन्हा समीकरणं मांडत. एखादा आकडा जरासा हलवला की खो थांबे, परत हलवला की सरकत राही. माझ्या गुडघ्याचा आकडा कोणता, हे मी विचारलं नाही. माझी छातीच झाली नाही.

निवड हुकली, खो-खो सुटला, आणि काकांनी तो शब्द टाकला. दूध उतू गेलं की ते नुसते बघत राहत. पोरं चिडवायला लागली की मान खाली घालून घरात जात. मला त्यांच्या गप्प बसण्याची फार भीती वाटायची. तो शब्द होता तोवर, निदान कुणीतरी आपल्या वाटची भीती बाळगतंय असं वाटे.

पुढे नोकरीसाठी मी गाव सोडलं. काका अत्यवस्थ आहेत असं आईने कळवलं तेव्हा मी धावत आले. इस्पितळाची लिफ्ट बंद होती. जिना चढून गेले तोवर गुडघा टरारून सुजला होता. काकांनी डोळे उघडले. मला ओळखलं.

“गुडघा?”

“परवा इल्ला, काका.”

त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे तेच जुने, घाबरलेले. “मधे थांबलीस काय ग?”

“नाही. एका दमात म्हटलं.”

त्यांची पकड सैल झाली, डोळे मिटले. मी पलंगाच्या दांडीला धरून तशीच उभी राहिले, कारण उजवा पाय मला टेकवत नव्हता.