चुलतभावाच्या रानातली इर्जिक

शुक्रवार पेठेत माझं बैलांच्या साजाचं दुकान होतं. कासरे, वेसणी, घुंगरमाळा. दोर वळण्यापासून सुरुवात करून ते मी स्वतःच्या जिवावर उभं केलं. पहिल्या बोलीत माल मी कुणाला दिला नाही आणि कुणाकडून घेतलाही नाही. त्या कमाईतून दुधनीकडच्या माझ्या गावात, चुलतभावाच्या रानाला लागून, काळं रान घेतलं. गावानं बघावं एवढीच इच्छा होती. गाव मात्र त्याच्याकडेच बघत असे.

त्याच्याकडे होतं काय? गळकं घर, ठिगळाची बंडी आणि एक बैलजोडी. त्या वर्षी ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर त्यातला एक बैल साप चावून मेला. मला वाटलं, आता हा मदत मागायला दुकानाची पायरी चढणार. तो आला नाही.

पाऊस उघडला. बी धरेल अशी ओल रानात फार दिवस टिकत नाही, म्हणून मी पेरणीची मजुरी ठरवायला गावात गेलो. माझी शेती भाड्याच्या बैलांवर चालायची. पहिल्याच घरी म्हातारा पेरणीच्या पाभरीला दोर आवळत बसला होता.

"उद्या माझ्या रानात या. नेहमीचा भाव देतो," मी म्हणालो.

"उद्या तुमच्या भावाची इर्जिक हाय की."

इर्जिक म्हणजे अडलेल्याच्या रानात गावानं आपापले बैल घेऊन जायचं, मजुरी घ्यायची नाही, काम झालं की त्याच्याकडे हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, जेवायची.

"दीडपट देतो."

म्हातारा दोर आवळतच राहिला. "शेट, हे काय तुमचं दुकान हाय व्हय? मी अंथरुणाला खिळलो हुतो तवा माझी मळणी त्यानं काढली."

मी दुप्पट म्हणालो. आतून त्याची सून हसली. "मामंजी, त्यास्नी बी हुग्गी खायला बोलवा. तितं भाव करावा लागत न्हाय."

मी तणतणत बाहेर पडलो. पुढच्या घरांतही तेच उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी बांधावर उभा होतो. गावातल्या झाडून साऱ्या पाभरी त्याच्या रानात चालल्या होत्या. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा माझ्याच दुकानातल्या, आणि वाजत होत्या त्याच्या रानात. दिवस कलायच्या आधीच त्याची पेरणी उरकली. माझ्या रानातली ढेकळं वरून पांढरी पडायला लागली होती.

तो बांधावर आला. "दादा, तुझं राहिलं की."

"माणसं मिळाली नाहीत."

त्यानं मागं वळून हाक दिली, "बैलं सोडू नका रं. ह्या भावाचं बी पेरून घिऊ."

"आन् हुग्गी?" कुणीतरी विचारलं.

"माझ्याकडंच. दादाला कुटं येती करायला?"

सगळे हसले आणि पाभरी बांध ओलांडून माझ्या रानात आल्या. अंधार पडेपर्यंत निम्मं रान झालं, उरलेलं सकाळी. मी सांगितलेल्या दुप्पट भावाला जे हलले नव्हते, ते त्याच्या एका हाकेसरशी आले. रान पेरलं गेलं, पण तो राग अजून माझ्या पोटात आहे.

मी मजुरी पुढे केली तेव्हा म्हाताऱ्यानं हात मागे घेतले.

"मग फेडायचं कसं?"

"कुणाचं अडलं की बैलं घिऊन या."

"माझ्याकडे बैल नाहीत."

"मग घ्या की. साज तर लई हाय तुमच्याकडं."

मी बाजारातली सगळ्यात देखणी जोडी घेतली, तीही घासाघीस न करता. तेव्हापासून एकही इर्जिक चुकवली नाही. लोक माझ्या बैलांच्या पाठीवरून हात फिरवतात, शिंगांचं कौतुक करतात. पण संध्याकाळी पंगतीला बसलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमचा भाऊ कुटं ऱ्हायला?" आणि तो येऊन बसेपर्यंत माझ्या ताटात कुणी हुग्गी वाढत नाही.