दुसरा खिळा

गाव सोडलं त्या सकाळी आमच्या दारात एक फोटोग्राफर उभा होता. माझ्यासाठी आला असता तर काय हवं होतं! शेजारचं लग्न उरकून तो औशाला परत निघालेला, आणि त्याच्या रोलमध्ये एक शेवटचा फोटो उरलेला. तो वाया जाऊ नये म्हणून त्यानं आम्हाला ओट्यासमोर उभं केलं. मध्ये मी, पायाशी पत्र्याची पेटी, डावीकडं माय. उजवी बाजू मात्र रिकामी, कारण आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हशीच्या आडोशाला जाऊन लपले होते. फोटो म्हटलं की हा माणूस लपायचाच. "भिंतीवर चढलेला माणूस पुन्हा खाली उतरत नसतोय," असं ते म्हणायचे. फोटो एकाच कामासाठी काढतात आणि त्या कामाला अजून अवकाश आहे, असा त्यांचा हिशेब. शेवटी मायनं दंडाला धरून ओढून आणलं. त्यामुळं फोटोत आण्णांचा चेहरा असा आलाय, की जणू आपण गेल्याची बातमी त्यांना कुणीतरी आत्ताच कानात सांगितलीय.

निघताना मायनं तुळजाभवानीची तसबीर टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवली आणि बजावलं, "खोली मिळाली की आधी खिळा ठोक, मग खाट टाक."

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटत असेल, खिळा ठोकण्यात काय एवढं? आणि माझ्यामागून पिंपरी-चिंचवडला आलेल्यांनो, तुम्ही आत्ताच हसलात, ते मला दिसलं. भोसरीतल्या आमच्या पहिल्या घरमालकीणबाई तिथल्या जुन्या गावकरी. कंपन्या येण्याआधी त्यांच्या रानात हरभरा पिकायचा, आता खोल्या पिकत होत्या. मी हातोडी घेऊन उभा राहिलेला पाहिल्यावर त्या उंबऱ्यातूनच ओरडल्या, "ए भाऊ, भित्ताडाला खिळा मारायचा न्हाई! पोपडं निघत्यात. आमी तुला खोली दिलीया, भित्ताड न्हाई!"

पुढं खोल्या बदलल्या, मालक बदलले, वाक्य तेच राहिलं. भवानीमाता कित्येक वर्षं पिठाच्या डब्यावर पाठ टेकून उभी होती. लग्न झालं, सुनंदा आली, पोरगी झाली, शाळेत गेली, तरी देवी उभीच. मधल्या काळात तिकडं गावी माय गेली. तिचा फोटो मोठा करून लावायचं मनात होतं, पण लावायचा कुठं? परक्याच्या भिंतीवर आई लावता येत नाही. तो एकुलता एक फोटो मी पेटीच्या तळाशी ठेवला आणि वर पांघरुणं रचली.

मग मोशीत स्वतःचा फ्लॅट झाला. आण्णा एकदाच आले, नुकता ताबा मिळाला होता तेव्हा. रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून त्यांनी चारी बाजूंना मान फिरवली. "नुसत्या पांढऱ्या भिताडात कसं ऱ्हातेत रे माणसं?" असं म्हणाले आणि त्याच दिवशी परत गेले. इथं येऊन राहा म्हणून मी फोनवर विनवायचो, सुनंदा विनवायची. आण्णा खोकायचे आणि म्हशीचा विषय काढायचे.

फ्लॅट झाला की हॉल करावा लागतो. सोसायटीतल्या सगळ्यांनी केला होता. आमच्या इंटिरियरवाल्यानं लॅपटॉपवर चित्र दाखवलं, आणि ते चित्र मी अजून विसरलेलो नाही. काय हॉल होता म्हणता! छताला फॉल्स सीलिंग, कडेनं निळसर उजेड, टीव्हीमागं लाकडी पट्ट्या, राखाडी सोफा. टीपॉयवर कप, कपातून वाफसुद्धा येत होती. पण माणूस नव्हता. सोफ्यावर कुणी नाही, दारात कुणी नाही. जणू घरातले सगळे चहा तसाच ठेवून एकदमच उठून गेलेत आणि आता परत यायचे नाहीत. सुनंदा म्हणाली, "अगं बाई, किती छान!" मीही छान म्हणालो. अंगावर काटा आला होता, तो मी एसीवर ढकलला.

काम सुरू झालं. रोज संध्याकाळी घरी यावं, तर हॉल थोडा जास्तच त्या चित्रासारखा झालेला. आवाज घुमायचा. सीलिंगच्या गोलाकडं वर बघितलं, की विहिरीत पडलेल्या माणसाला वरचं आभाळ कसं दिसत असेल, ते कळायचं. सुनंदा म्हणायची, "काहीतरीच तुमचं! पाहुण्यांपुढं बोलू नका हां असलं."

भवानीमातेचा खिळा मी माझ्या हातानं ठोकला. उरली दारासमोरची भिंत. तिथं इंटिरियरवाल्याला सात पळते घोडे लावायचे होते. सुनंदानं घोडे जागीच थांबवले. "तिथं सासूबाई." आमच्याकडं दारासमोरची भिंत गेलेल्या माणसांची. घरात कोण येतं, कोण जातं, हे त्यांना दिसलं पाहिजे. मी पेटीतून फोटो काढला आणि कासारवाडीत राहणाऱ्या माझ्या मेहुण्याकडं, प्रकाशकडं दिला. उत्साह हा या प्रकाशचा जुना आजार आहे. त्याला एवढंच म्हणालो, "मोठा करून, चंदनाचा हार घालून आण." कुणाचा, ते काय सांगायचं? माय गेलीय हे साऱ्या जगाला माहीत होतं.

फ्रेमवाल्याला माहीत नव्हतं. त्यानं आपल्या रिवाजाप्रमाणं केलं. जुना फोटो, गावाकडचं जोडपं, चंदनाचा हार. जोडी कशी फोडायची? त्यानं मधला मी कापून टाकला, डावीकडची एक फ्रेम केली, उजवीकडची एक केली, दोन हार घातले आणि माल थेट साइटवर पाठवला. त्या दिवशी सुनंदा सकाळपासून बाहेर होती, इंटिरियरवाल्याच्या पोरांनी आल्या आल्या दोन खिळे मारले. इंटिरियरवाल्यानं बासरीचं संगीत घालून हॉलचा व्हिडिओ केला आणि प्रकाशला धाडला. प्रकाशनं पहिला सोफा पाहिला न पाहिला तोच आमच्या गावकऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, "दाजींचा नवीन हॉल!" शेवटी कॅमेरा त्या भिंतीवर जाऊन थांबत होता. तिथवर पाहायला प्रकाशला सवड नव्हती, गावाला होती.

मी त्या वेळी चाकणला, पहिल्या शिफ्टला. आमच्या कंपनीत लाइनवर मोबाइल चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. शिफ्ट संपल्यावर एक सेफ्टी शूज काढला, दुसऱ्याची नाडी सोडता सोडता मोबाइल उघडला आणि वाचलं, "आण्णांना भावपूर्ण श्रद्धांजली." खाली दुसरी. त्याखाली हात जोडलेलेच हात जोडलेले. शेजारी शिफ्टमधला दोस्त डोक्याला तेल लावत होता. म्हणाला, "काय राव, लॉटरी लागली का? असा बघतोय ते!"

मी आण्णांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. मग बोटानं वर सरकत सरकत त्या व्हिडिओपर्यंत पोचलो, आणि बासरीच्या सुरात माझ्याच हॉलमध्ये माझा बाप हार घालून लटकलेला दिसला. मी मोठ्यानं हसलो. एका पायात बूट, डोळ्यांत पाणी आणि वर हसू. दोस्त दोन पावलं मागं सरकला.

पण आण्णा फोन काही उचलेनात.

गावाकडच्या चुलतभावाला, महादेवला लावला. तो म्हणाला, "दादा, घराला कुलूप हाय. सकाळी बाया रडत आल्या तर आण्णाच दारात उभे. समद्यांना चहा पाजला, म्हस आमच्या दावणीला बांधली आन् गेले. कुटं, कुणाला ठाव न्हाई." मग तो हळूच म्हणाला, "हिरीवर बी बघून आलाव."

कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं लावून बसलो होतो. भिंतीवर चढलेला माणूस पुन्हा खाली उतरत नसतो. मी त्यांना चढवलं होतं.

घरी आलो तर सुनंदा त्या भिंतीसमोर उभी. आण्णांच्या फोटोवरचा हार तिनं उतरवला होता आणि तो हातात घेऊन ती तशीच थांबली होती. उतरवलेला हार ठेवायचा कुठं? देवाला चालत नाही. मायच्या फोटोला दोन घालवत नाहीत. कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. "अहो," ती म्हणाली, "फोटो किती गार लागला हाताला."

"काच गारच असते गं," मी म्हणालो. पण मी हात लावून पाहिला नाही. मायच्या फ्रेमच्या कडेला माझा एक खांदा उरला होता, आण्णांच्या कडेला एक कोपर. बाकीचा मी कुठंच नव्हतो. वर निळा उजेड, खाली राखाडी सोफा. हॉल आता अगदी चित्रासारखा झाला होता.

रात्रीच्या गाडीनं गावाकडं निघायचं म्हणून पिशवी भरत होतो, तेवढ्यात गेटवरच्या वॉचमनचा फोन आला. तो चाचरत म्हणाला, "साहेब, एक आजोबा आलेत. विचारतायत, तुमच्याकडं मयत झालीय, तिथं कसं जायचं?"

लिफ्टचं दार उघडलं. धोतर, टोपी, खांद्याला पिशवी. आण्णा आमच्याकडं न बघता सरळ हॉलमध्ये गेले आणि भिंतीसमोर उभे राहिले. बराच वेळ बघितलं. "बरा आलाय की," म्हणाले.

"आण्णा, फोन का नाही उचलला? जीव जायची वेळ आली माझा!"

"मेलेला माणूस फोन उचलतो व्हय रे?" आणि हा माणूस खदाखदा हसला. माझ्यातला नाटक्या कुठून आलाय, असा प्रश्न सुनंदाला पंचवीसेक वर्षं पडलेला. त्या दिवशी सुटला.

मग त्यांची नजर शेजारच्या फ्रेमवर गेली आणि हसू तिथंच थांबलं. माय गेल्यापासून त्यांनी तिचा चेहरा पाहिला नव्हता. तिचा फोटो तेवढा एकच, आणि तो माझ्या पेटीत. "हिला हितं आणून लावलीस व्हय," ते हळू आवाजात म्हणाले. "आन् मी तिकडं घरभर हुडकायलाव." सोफ्यावर बसा म्हटलं, तर तिच्या फोटोखाली फरशीवर बसले आणि मागं डोकं टेकलं.

मी स्टुलावर चढून त्यांची फ्रेम उतरवली. राहिलेलं काम बघायला इंटिरियरवाला तेवढ्यात आलाच होता, त्याचा चेहरा मेल्याहून मेल्यासारखा. म्हणाला, "आजोबा, तो खिळा पण काढतो. पुट्टी भरून देतो, कळणारसुद्धा नाही."

"ऱ्हाऊ दे," आण्णा बसल्या जागेवरून म्हणाले. "पुन्यांदा भिताड फोडाय लागंल. आन् हिच्या शेजारचीच जागा हाय."

इंटिरियरवाल्यानं पकड खिशात घातली. सुनंदानं चहा आणला. चहा पिता पिता आण्णांनी जाहीर केलं, की गावात आपण मेलोय, आता परत जाऊन कुणाकुणाची समजूत घालायची? तवा हितंच ऱ्हातो.

राहिलेत. हॉलची पार दैना झालीय म्हणा. सोफा कोपऱ्यात गेला, त्याच्या जागी आण्णांची खाट आली. निळा उजेड त्यांच्या डोळ्यांना टोचतो म्हणून बंद असतो. टीपॉयवर चंची आणि अडकित्ता. येणारा जाणारा मायच्या फोटोला हात जोडतो, मग त्या मोकळ्या खिळ्याकडं बघतो, मग खाटेवरच्या आण्णांकडं, आणि घाईनं पावसापाण्याची चौकशी करतो. आण्णांना याची भारी मजा वाटते.

भोसरीच्या त्या बाईंचं वाक्य मला आता उलगडतं. खोली कुणीही देतं. घर म्हणजे भिंत, आणि भिंत आपली झाली की तिच्यावर काय काय लागणार, तेही आपलंच. इतकी वर्षं मी खिळा ठोकायला जागा शोधत होतो, तेव्हा एवढा विचार केला नव्हता.

रात्री झोपताना आण्णा टोपी काढून त्या खिळ्याला अडकवतात. सकाळी उठले की आधी टोपी डोक्यावर, मग खाली चक्कर. पहिल्या शिफ्टला निघताना मी हॉलचा दिवा लावत नाही, दारातूनच अंधारात भिंतीकडं बघतो. खिळा मोकळा दिसला, की चपळाईनं जिना उतरून कंपनीची बस पकडतो. टोपी खिळ्यालाच असली, तर बूट हातात घेऊन खाटेपाशी उभा राहतो, आण्णा खोकेपर्यंत.