ताटातली मिठाची जागा

पहाडातून मी भोपाळला परतले ते गळ्यावर सूज आणि पोटात तीन महिन्यांचं बाळ घेऊन. बाळाची काळजी सगळे करत होते. सुजेकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं, मीसुद्धा नाही.

नवऱ्याच्या कारखान्यात वीजघरांसाठी टर्बाइन बनत. ती बसवायला त्याला हिमालयातल्या एका प्रकल्पावर पाठवलं होतं आणि आम्ही काही वर्षं तिकडेच राहिलो. तिथे कितीतरी बायकांच्या गळ्यावर गाठी असत. शेजारणीला तर मुठीएवढी होती. एकदा माझ्या हातून पितळी परात फरशीवर आपटली. मी स्वतः दचकले, पण शेजारणीची छोटी मुलगी पाठ करून मातीत खेळतच राहिली. शेजारीण हसत म्हणाली, "बहरी है, भाभीजी. बोलती भी नहीं." तिथल्याच आमच्या घरात माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं तेव्हा मनातही आलं नाही.

भोपाळात बरखेड्याला, कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या क्वार्टरमध्ये सामान लागतं न लागतं तोच सासूबाई नागपूरहून आल्या. पहिल्या बाळाचं दुःख त्यांनी फार मनाला लावून घेतलं होतं. त्यांनी कुलदेवीला नवस बोलला होता: बाळ हातात येईपर्यंत घरात साधं मीठ येणार नाही, फक्त उपासाचं सैंधव. गुलाबी खड्यांची पिशवीच आणली होती आणि रोज खलबत्त्यात कुटायच्या. मीही खुशीत खात होते. बाळासाठी त्यांनी कारल्याची खीर केली असती तरी मी खाल्ली असती.

मग टाऊनशिपच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पोटाआधी गळा तपासला आणि विचारलं, "नमक कौन सा खाती हो?" मी अभिमानाने सैंधव म्हणाले. त्यांनी कपाळाला हात लावला. पहाडातल्या मातीत आयोडीन नाही, म्हणून ही सूज. सैंधवातही ते नसल्यासारखंच. आणि बाळाचा मेंदू, कान सगळं त्यावरच घडतं.

"कान भी?" मी विचारलं.

"कान भी."

मला ती परात आठवली.

घरी जाता जाता दुकानातून आयोडीनच्या मिठाचं पाकीट घेतलं आणि सरळ स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. सासूबाई भडकल्या. "पहाडातला रोग पहाडात राह्यला. तू काऊन घरात आणून राह्यली? देवीला शब्द दिला आहे मी!" नवऱ्याने दोन्ही मिठं अर्धी अर्धी घालायची तोड सुचवली. आम्ही दोघींनी त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की तो पेपर घेऊन गॅलरीत गेला.

मी शेजारणीच्या मुलीची आणि परातीची सगळी हकिकत सांगितली. शेवटी म्हणाले, "आई, तुम्ही शब्द बाळासाठी दिला. मी मीठ बाळासाठी आणलंय. मी हेच खाणार." राग होताच, पण भीती त्याहून मोठी होती. त्या आणखी चिडल्या असत्या, तरी मी मागे हटणार नव्हते.

दुपारी पानं घेतली. आमच्याकडे ताटात पहिलं मीठ वाढतात. मी पाकिटातलं मीठ घेऊन वाकले, तर त्यांनी ताटातल्या त्या जागेवर तळहात ठेवला.

"घर खाते म्हणते तर खाऊ दे. घराच्या वाटचं मीठ मी एकटी सोडते. सैंधवही नको. मला अळणी वाढ."

त्या दिवसापासून त्या अळणी जेवल्या. मला वाटलं, मला नमवायलाच चाललंय. मनातून चरफडायचे, पण डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी आणि मीठ चुकवलं नाही. आणि गंमत म्हणजे, हे मीठ स्वयंपाकाच्या शेवटी घालायचं, डबा घट्ट लावायचा, हे डॉक्टरीणबाईंचं सांगणं माझ्यापेक्षा त्यांनाच पक्कं लक्षात असायचं. आधी स्वतःपुरतं वरण काढून घेत, मग माझ्या वरणात मीठ घालत. झाकण उघडं राहिलं तर मलाच ओरडत.

मुलगी झाली. नवस फिटला, तरी त्यांचं अळणी सुटेना. बाळंतिणीला झोप लागावी म्हणून घरात भांडंही वाजू देत नव्हत्या. मीही देत नव्हते. खरं कारण दोघींनाही माहीत होतं.

बारशाच्या दिवशी टी. टी. नगरहून पाहुणे यायचे होते. त्याआधी आम्ही दोघीच जेवायला बसलो. मी मीठ वाढायला गेले, तर पुन्हा तळहात आडवा.

"आता कशाला, आई? फिटला ना नवस?"

"आधी परात आण," त्या म्हणाल्या.

मी आणली. त्यांनी पळी माझ्या हातात दिली. माझा हात उचलेना. त्यांनी पळी काढून घेतली, पाळण्याच्या मागे उभ्या राहिल्या आणि परातीवर दणकन मारली.

मुलगी ताडकन दचकली. दोन्ही हात हवेत फेकले आणि असं भोकाड पसरलं की शेजारच्या क्वार्टरमधून "क्या हुआ?" आलं.

मी रडत होते. सासूबाईंनी मुलीला उचलून खांद्यावर घेतलं, थोपटत थोपटत ताटाशी येऊन बसल्या.

"वाढ मीठ," त्या म्हणाल्या.